मुंबई रक्तगट : मराठी घरांतल्या एका उणिवेचा इतिहास



या व्याख्यानमालेत आजवर संतकवी झाले, नाटककार झाले, सयाजीराव महाराज तर किती वेळा झाले याची मोजदाद नाही. यंदा एका होमिओपॅथिक डॉक्टरला बोलावलेत आणि विषयही त्याच्यावरच सोपवलात. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देणाऱ्या माणसाने रक्तावर बोलावे, याचे काहींना हसू येईल. पण या विषयाकडे मला वळवले ते एका रुग्णाने, आणि त्या प्रकरणात माझीही एक चूक आहे. ती आधी सांगून टाकतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या मराठी घरातल्या सूनबाई माझ्याकडे औषधाला येत. वय चाळिशीच्या आतबाहेर, माहेर सातारा जिल्ह्यातले. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव फार होई. मी औषध देत राहिलो. जरा बरे वाटे, पुन्हा मूळपदावर येई. असे चार महिने गेले. एके दिवशी दवाखान्याचा जिना चढून आल्या त्या दारातच खाली बसल्या. पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन सहा निघाले आणि सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या. त्यांना दोन-तीन महिने आधीच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवायला हवे होते. मी पाठवले नाही. ही माझी चूक.

शस्त्रक्रिया ठरली, रक्त लागणार होते. बाईंजवळ बाळंतपणाच्या वेळचे जुने कार्ड होते, त्यावर ‘ओ पॉझिटिव्ह’ असा शिक्का. ओ गट म्हणजे कुठेही मिळणारा, म्हणून घरचे निर्धास्त होते. पण रक्तपेढीत जुळवणीची चाचणी केली तेव्हा पहिली पिशवी जुळली नाही, दुसरीही नाही. ओ गटाच्या सहा पिशव्या झाल्या आणि सहाही वेळा काचेवर गुठळ्या दिसल्या. तिथल्या अनुभवी तंत्रज्ञांनी मला फोन केला : ‘‘डॉक्टरसाहेब, यांचं रक्त ओ नाही. मुंबईला नमुना पाठवू या.’’ मुंबईहून उत्तर आले की हा ‘बॉम्बे’ गट आहे. मग माहेरच्या चार भावंडांची तपासणी झाली. त्यांतल्या धाकट्या भावाचा गट तोच निघाला. तो रात्रीच्या गाडीने आला, रक्त दिले आणि बहीण वाचली. आज त्या नातवंडांत रमल्या आहेत.

ती सहा पिशव्यांची गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. कार्डावर ओ, पेढीत ओ, मग जुळत का नाही? त्या उत्तराच्या शोधात जे वाचले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी रक्त म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. ते नळीत घेऊन, गोठू न देता स्थिर ठेवले तर थर पडतात. वरचा पिवळसर थर निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के. तो रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा. त्यात मुख्यतः पाणी, शिवाय प्रथिने, क्षार, साखर आणि रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये असतात. रक्त गोठवणारे घटकही त्यातच. खालचा गडद लाल थर तांबड्या पेशींचा. एका घनमिलिमीटरमध्ये त्या ४५ ते ५५ लाख असतात. त्यांचे काम हमालीचे. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि पेशीपेशीला पोचवायचा. हिमोग्लोबिन ही त्यांची पाटी. सुमारे १२० दिवस ही हमाली करून ती पेशी मोडीत निघते आणि तिच्यातले लोह पुन्हा वापरले जाते. दोन्ही थरांच्या मध्ये एक पातळ पांढरट साय असते. तिच्यात पांढऱ्या पेशी असतात, घनमिलिमीटरमागे साधारण चार ते अकरा हजार. त्या आपल्या शिपाई. त्याच सायीत दीड ते साडेचार लाख बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स. जखम झाली की भगदाडाला पहिला बोळा त्यांचा.

म्हणून आज रक्तपेढीत एकाच दात्याचे रक्त वेगवेगळे करतात. तांबड्या पेशी थंड कपाटात सुमारे पाच आठवडे टिकतात. प्लेटलेट्स साध्या खोलीच्या तापमानाला, सतत हलवत ठेवून, पाचच दिवस. रक्तद्रव गोठवून ठेवला तर वर्षभर. डेंगीच्या रुग्णाला प्लेटलेट्स, भाजलेल्याला रक्तद्रव, आणि माझ्या त्या रुग्णासारख्या फिकुटलेल्या बाईला तांबड्या पेशी. एका दानात तिघांचे भागते.

इतके ज्ञान यायला फार काळ लागला. रक्त अंगात फिरते हे लंडनच्या विल्यम हार्वेने पुस्तक लिहून सिद्ध केले ते १६२८ मध्ये. शिवाजी महाराजांचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी. १६६७ मध्ये पॅरिसच्या देनी नावाच्या वैद्याने कोकराचे रक्त माणसाला चढवून पाहिले. पुढे माणसे दगावू लागली तेव्हा हा उद्योग बंद पाडण्यात आला. १८१८ मध्ये, इकडे पेशवाई बुडत असताना, तिकडे लंडनला जेम्स ब्लंडेलने माणसाचे रक्त माणसाला देऊन पाहिले. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका पाहून तो या कामाला लागला होता. त्याचे काही रुग्ण वाचले, काही तडफडून गेले. असे का होते ते त्याला कळले नाही.

ते कळले १९०१ साली. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने आपले आणि सहकाऱ्यांचे रक्त घेतले, रक्तद्रव आणि पेशी वेगळ्या केल्या आणि प्रत्येकाचा रक्तद्रव दुसऱ्याच्या पेशींशी मिसळून पाहिला. काही जोड्यांत गुठळ्या झाल्या, काहींत नाहीत. त्यावरून त्याने तीन गट ठरवले : ए, बी, आणि ज्याला पुढे ओ म्हटले तो. एबी हा चौथा गट त्याच्या सहकाऱ्यांना १९०२ मध्ये सापडला. ज्याच्या पेशीवर ए ही खूण, त्याच्या रक्तद्रवात बीविरुद्ध प्रतिद्रव्य. बी असेल तर एविरुद्ध. ओच्या पेशीवर दोन्ही खुणा नाहीत, म्हणून त्याच्या रक्तद्रवात दोन्ही प्रतिद्रव्ये. लँडस्टायनरला १९३० मध्ये नोबेल मिळाले. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारा आऱ्हेच घटक त्याने आणि वीनरने १९४० मध्ये प्रसिद्ध केला.

या चार गटांत सगळी मानवजात बसली, असे तेव्हा वाटले. पहिल्या महायुद्धात सॅलोनिकाच्या आघाडीवर हिर्शफेल्ड या पोलिश पतिपत्नींनी निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. त्यांत आपले हिंदी सैनिकही होते. १९१९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की हिंदी लोकांत बी गटाचे प्रमाण फार, तर युरोपीय लोकांत ए गटाचे. पण चारही गट सगळ्यांच्यात होतेच. फरक होता तो केवळ प्रमाणाचा.

आता आपण मुंबईला, परळला जाऊ. तिथे शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के.ई.एम. रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. गोवर्धनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना एक अट घातली होती की तिथले अध्यापक हिंदी असतील, सरकारी नोकरीतले गोरे नव्हेत. गुजरातीभाषक शेठजींचा पैसा आणि बहुतांशी मराठी मुलखातली डॉक्टर मंडळी, असा तो संसार. वडोदऱ्यात राहणाऱ्या आपल्याला या मिश्रणाचे नवल वाटू नये. आपले गाव दुसरे काय आहे?

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत रक्ताच्या आनुवंशिकतेवर गंभीर काम सुरू झाले होते. संघवी आणि खानोलकर यांनी १९४९ मध्ये मुंबईतल्या सहा ज्ञातींच्या रक्तगटांची आणि इतर आनुवंशिक खुणांची तपासणी प्रसिद्ध केली. आपापसातच लग्ने करणाऱ्या समाजांत अशा खुणांचे प्रमाण कसे बदलते, हा त्यांचा प्रश्न होता. रक्ताकडे बारकाईने पाहणारी नजर मुंबईत तयार झाली होती.

१९५२ च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दीड-दोन पानांचा एक लेख आला. लेखकांत पहिली तीन नावे मुंबईची : डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया. त्यापुढे लंडनची चार नावे : सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. भेंडे हे नाव आमच्या पिढीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना विकृतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक असते. त्या लेखात मुंबईतल्या मोजक्या व्यक्तींच्या विलक्षण रक्ताचे वर्णन होते. त्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही. साध्या चाचणीत ते ओ ठरावे. पण त्यांचा रक्तद्रव ओच्या पेशींनाही गुठळ्या करत होता. ए-बी नसूनही ओला असा विरोध करणारे रक्त तोवर कोणी वर्णिले नव्हते. माझ्या रुग्णाच्या सहा पिशव्यांचे कोडे तेच होते.

हे कसे घडते ते घरगुती उदाहरणाने सांगतो. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर बसते. ती खुंटी समजा. शास्त्रात तिला ‘एच’ म्हणतात. ए गटाच्या माणसात त्या खुंटीच्या साखळीवर आणखी एक विशिष्ट साखर टांगली जाते, बी गटाच्या माणसात वेगळी साखर. ओ गटाच्या माणसात काहीच टांगलेले नसते, खुंटी मात्र शाबूत असते. ही खुंटी जगातल्या बहुतेक प्रत्येक माणसाला आहे, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नव्हते. मॉर्गन आणि वॉटकिन्स लंडनमध्ये तिचाच अभ्यास करत होते. मुंबईच्या त्या माणसांना ती खुंटीच नव्हती. ती नाही म्हणून त्यांचे शरीर तिला परकी समजते आणि तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्य बनवते. हे प्रतिद्रव्य जोरकस असते. अशा माणसाला ओ गटाचे रक्त चढवले तर पेशी फुटून जीव जाऊ शकतो.

सगळ्यांकडे असलेली वस्तू कोणाला दिसत नाही. ती ज्याच्याकडे नाही त्याला पाहिल्यावरच दिसते. एचची खुंटी ए-बीपेक्षा वेगळ्या जनुकावर अवलंबून असते, हे जगाला नीट उमगले ते मुंबईतल्या या मोजक्या माणसांमुळे.

या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव दिले ते अमेरिकेतल्या फिलिप लेव्हिन यांनी, १९५५ मध्ये. त्यांच्यापुढे एक स्त्री आली. तपासणीत ओ. पण तिच्या पालकांपैकी एक एबी, आणि तिच्या दोन अपत्यांत बी आलेला. ओ आईकडून मुलाला बी कसा येईल? उत्तर असे की बीचे जनुक तिच्यात होते, पण टांगायला खुंटी नव्हती. मुलांना वडिलांकडून खुंटी मिळाली आणि आजोळचा बी त्यांच्यात दिसू लागला.

बंधुभगिनींनो, इथे मला थांबावेसे वाटते. हीच गोष्ट उलट मांडून पाहा. नवरा ओ, बायको ओ, आणि मूल बी. शाळेच्या पुस्तकातले कोष्टक घेऊन कोणी दीडशहाणा म्हणाला की हे मूल या बापाचे नव्हे, तर त्या घरात काय होईल? बापाचा ओ हा खरोखरचा ओ आहे की खुंटी नसलेला, हे तपासल्याशिवाय असा निकाल देता येत नाही. रक्तगटाच्या कार्डावरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यांना १९५२ चा तो लेख दाखवावा.

पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र काढले. तेच आज परळच्या के.ई.एम.च्या आवारातले राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थान आहे. भाटिया यांनी तिथे दीर्घकाळ काम केले. त्यांनी आणि साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईच्या पाहणीवरून आकडा दिला : सुमारे ७,६०० माणसांत एक. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एखादे धरतात. भारतात सापडलेल्या अशा व्यक्तींत महाराष्ट्रातली माणसे सर्वांत जास्त, त्याखालोखाल लगतच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली. १९९० च्या दशकात जनुकाची चूकही सापडली. ती एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एकोणिसाव्या शतकात करारावर गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांतही तीच चूक मिळाली. माणसे गाव सोडून गेली, भाषा विसरली, पण रक्तातली खूण बरोबर गेली.

महाराष्ट्रात हे जास्त का, याचे एक कारण आपल्या घरातच आहे. ही उणीव दिसायला आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी दोन सदोष जनुके एकत्र यावी लागतात. एकच असेल तर माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. नात्यात लग्न झाले तर दोन्ही बाजूंनी तेच जनुक येण्याचा संभव वाढतो. दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करणे हा मान समजला जातो. मी स्वतः निपाणीकडच्या जैन घराण्यातला. तंबाखूच्या व्यापारापायी आमचे आजोबा चरोतरच्या तंबाखूमागे या भागात आले आणि इथलेच झाले. माझी आजी ही आजोबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. माझ्या त्या रुग्णाचे आईवडीलही आते-मामे भावंडे. अशा आईवडिलांत दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा गट असण्याचा संभव चारांत एक. म्हणूनच अशा रुग्णाला रक्त शोधताना पहिला फोन सख्ख्या भावाबहिणीला करतात.

यात लाजण्यासारखे काही नाही, आणि कुठल्या एका जातीचे हे लेणेही नाही. निरनिराळ्या जातिधर्मांत हा गट सापडला आहे. या माणसांना त्यामुळे आजार नसतो, आयुष्य कमी नसते. ती तुमच्याआमच्यासारखीच जगतात. अडचण एकच : दुसऱ्याचे रक्त लागले की फक्त आपल्याच गटाचे चालते.

आपल्यापैकी अनेकांची घराणी गायकवाडांबरोबर किंवा त्यांच्या मागोमाग देशावरून, कोकणातून इथे आली. काहींना इथे अडीचशे वर्षे होऊन गेली. आपण घरात मराठी बोलतो, बाजारात गुजराती, आणि ‘आम्ही वडोदऱ्याचे’ म्हणतो ते बरोबरच आहे. या गावाला ज्याने घडवले तो राजा १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावातून दत्तक आलेला मुलगा होता. रक्ताच्या वारशापेक्षा माणसाने काय केले ते मोठे, हे वडोदऱ्याला कोणी शिकवायला नको. पण रक्तपेढीत दत्तक चालत नाही. तिथे जन्माने आलेलेच रक्त तपासावे लागते.

म्हणून शेवटी एक मागणे. घरात कोणाचा गट ओ असेल तर तो कसा ठरवला होता ते विचारा. नुसत्या पेशी तपासून ठरवला असेल तर ते अर्धेच काम. पेशींबरोबर रक्तद्रवाचीही उलट तपासणी व्हावी आणि त्यात ओच्या पेशीही असाव्यात. त्या गुठळल्या तर एचची तपासणी करून घ्यावी. चांगल्या रक्तपेढीत हे नेहमीचे काम आहे. आणि कोणाचा गट बॉम्बे निघालाच, तर घाबरू नका. ते कागदावर ठळक लिहून पाकिटात ठेवा, भावंडांची तपासणी करा, आणि दुर्मीळ दात्यांच्या यादीत नाव नोंदवा. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल आणि प्रकृती धडधाकट असेल, तर आपलेच रक्त आधी काढून ठेवण्याचीही सोय असते. माझ्या रुग्णाला ते शक्य नव्हते, कारण मी तिला उशिरा पाठवले.

गेल्या दिवाळीत त्या बाई घरी आल्या होत्या. धाकटा भाऊ बरोबर होता. त्या प्रसंगानंतर त्याने सातारा-पुण्याकडे पाच-सहा अनोळखी रुग्णांना जाऊन रक्त दिले आहे. कोणी विचारले तर म्हणतो, ‘‘आम्ही मोजकेच. नाही म्हणून कसं चालेल?’’

आज घरी गेल्यावर कपाटातली ती जुनी कार्डे काढून एकदा पाहा, एवढेच सांगायला उभा होतो.